परक्या हातचा घास

जगात बाहेर जेवायला सर्वांत चांगले शहर कोणते, असा प्रश्न हल्ली वारंवार कानावर येतो. कोणी पॅरिसचे नाव घेतो, कोणी तोकियोचे, कोणी इस्तंबूलचे. प्रवासी मंडळींनी याद्या केल्या आहेत आणि त्यांत शहरांना वर्गातल्या मुलांसारखे नंबरही दिले आहेत. फ्रान्समधल्या मिशलाँ नावाच्या टायर करणाऱ्या कंपनीने १९०० साली मोटारवाल्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली. लोक मोटारीने लांब लांब जेवायला गेले की टायर झिजणार, टायर झिजले की कंपनीचा धंदा चालणार, असा सरळ हिशेब. पुढे १९२६ पासून ही मंडळी उपाहारगृहांना तारे देऊ लागली आणि आज त्या एका ताऱ्यासाठी मोठमोठे आचारी जिवाचे रान करतात. आमचा कोल्हापूरकर मात्र असली यादी उघडूनही बघायचा नाही. "तांबडा-पांढरा खाल्लाय का कधी?" एवढेच तो विचारील आणि वाद मिटला असे समजून पान लावायला घेईल.

मी इतिहासाचा मास्तर. चवीच्या भांडणात पडणे हे माझे काम नव्हे. चव ज्याच्या त्याच्या जिभेची. मला त्या प्रश्नातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. बाहेर जेवणे म्हणजे काय, याचा जरा विचार करा. ज्याला आपण ओळखत नाही त्याने शिजवलेले अन्न, ज्याला आपण ओळखत नाही त्याच्या शेजारी बसून, पैसे मोजून खायचे. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. परंतु माणसाच्या इतिहासात ही साधी गोष्ट नव्हे, आणि आपल्या देशात तर ती अजिबात साधी नव्हती. म्हणून एखादे शहर बाहेर जेवायला चांगले की वाईट हे ठरवताना तिथल्या भांड्यात काय आहे हे जसे बघावे, तसेच तिथल्या बाकावर कोणाला बसू देतात हेही बघावे, असे मला वाटते. या दुसऱ्या कसोटीवर आपल्या कोल्हापूरच्या पदरी एक चहाचे दुकान आहे. त्याची हकीकत सांगण्यासाठी आजचे हे भाषण. पण तिथे जरा लांबच्या वाटेने जाऊ.

इटलीत पाँपेई नावाचे गाव इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. ते उकरून काढले तेव्हा रस्त्यांच्या कडेला दगडी ओट्यांची दुकाने सापडली. ओट्यात मडकी बसवलेली, मडक्यांत तयार खाद्यपदार्थ. ज्यांच्या घरी धड चूल नव्हती असे गोरगरीब तिथे येऊन खात. पुढे चीनमध्ये सुंग राजवटीत कायफेंग या राजधानीत अशी रेलचेल होती की दुकाने मध्यरात्रीपर्यंत चालत आणि वेगवेगळ्या प्रांतांची जेवणे वेगवेगळ्या ठिकाणी मिळत. ११२७ मध्ये शत्रूने ते शहर घेतले. तिथून परागंदा झालेल्या मेंग युआनलाव नावाच्या एका गृहस्थाने वीस वर्षांनी आपल्या गेलेल्या शहराच्या आठवणी लिहिल्या, त्यांत खाण्याच्या दुकानांनी पानेच्या पाने भरली आहेत. माणसाचे गाव सुटले की देवळाइतकीच खाऊची दुकानेही आठवतात, हे आपल्याकडच्या मुंबईकर चाकरमान्यालाही ठाऊक आहे.

सोळाव्या शतकाच्या मध्याला इस्तंबूलमध्ये कॉफीची दुकाने निघाली, १६५२ मध्ये लंडनमध्ये निघाली. पण आज आपण ज्याला उपाहारगृह म्हणतो, म्हणजे आपले वेगळे टेबल, आपल्या सोयीची वेळ, पदार्थांची आणि दरांची यादी समोर, हा प्रकार पॅरिसचा, १७६० नंतरचा. त्याआधी तिथेही आपल्या खानावळीसारखाच खाक्या होता : ठरलेल्या वेळी एका लांब टेबलाशी सगळ्यांनी बसायचे आणि यजमान वाढील ते खायचे. आता मौज बघा. 'रेस्तराँ' हा शब्द मुळात जागेचा नव्हेच, तो एका पदार्थाचा आहे. अशक्त माणसाला ताकद यावी म्हणून मांस मंद आचेवर शिजवून काढलेला रस, त्याला रेस्तराँ म्हणत. म्हणजे शक्ती परत आणणारा. तो विकणाऱ्या दुकानालाच पुढे तेच नाव पडले. आपल्या कोल्हापूरच्या घरात मटण शिजले की मसाला घालण्याआधी मुलांसाठी, आजाऱ्यासाठी वाटीभर पाणी बाजूला काढतात. त्याला आपण अळणी म्हणतो. पॅरिसच्या सगळ्या कीर्तीचे मूळ या अळणीत आहे म्हणा ना! त्याच अळणीत नारळाचे दूध, खसखस, तीळ यांचे वाटण गेले की पांढरा रस्सा होतो; वाळल्या लाल मिरचीचा आणि कांदालसणाच्या चटणीचा हात लागला की तांबडा. फ्रेंच माणसाने दुकानाला रस्श्याचे नाव दिले. आपण रस्श्याला गावाचे नाव दिले.

असो. आता आपल्या घराकडे वळू.

आपल्याकडे प्रवास नव्हता असे नाही. पंढरीची वारी होती, जोतिबाची यात्रा होती, बाजार होते, कज्जेदलाली होती. पण प्रवासाला निघालेला माणूस भाकरी बांधून घेई. धर्मशाळेत उतरला तर तीन दगड मांडून आपले आपण शिजवी. याचे कारण केवळ गरिबी नव्हे. कोणी कोणाच्या हातचे खावे याचे नियम फार बारीक होते. पाण्यात शिजवलेले भात, आमटी, भाकरी हे अन्न परक्याच्या हातचे चालत नसे. दूध, पेढे, चुरमुरे, फुटाणे, तुपातले तळण हे पुष्कळसे चालून जाई. म्हणून जत्रेत बघा, दुकाने कशाची? मेवामिठाईची, चिवड्याची, चुरमुऱ्याची. कोल्हापुरात गंगावेशीला म्हशी रस्त्यावर आणून गिऱ्हाईकासमोर धार काढायची आणि ते धारोष्ण दूध उभ्या उभ्या पेल्याने प्यायचे, ही जी रीत आहे तिच्यामागे तालमीतल्या पैलवानाची गरज तर आहेच. पण दुधाला बाट नाही, ही जुनी समजूतही तिला आडवी आली नाही. अडचण होती ती पाण्याची. आणि चहा म्हणजे काय हो? उकळलेले पाणीच की!

म्हणून आपल्याकडे बाहेर खाण्याचा पहिला मोठा तंटा झाला तो जेवणावरून नव्हे, चहावरून. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहाबिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हातात धरला. हजर असलेल्या गोपाळराव जोशांनी सगळ्यांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि गहजब झाला. ग्रामण्य माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली आणि थोरामोठ्यांवर प्रायश्चित्त घेण्याची वेळ आली. देशाचे राजकारण करणारी ही माणसे. पण एका कपाने त्यांना दोन वर्षे हैराण केले. पुढची पिढी या प्रकरणाला हसते. हसू नये असे नाही, परंतु त्या काळी घराबाहेरच्या एका घोटाची किंमत किती होती हे त्यावरून कळते.

मुंबईने या अडचणीवर वेगळाच तोडगा काढला. महादेव हावजी बच्चे यांनी घरचा डबा कचेरीत पोचवण्याचा व्यवसाय सुरू केला तो याच १८९० च्या सुमारास. घर सोडून नोकरीला तर जायचे, पण घास घरचाच खायचा! डबेवाल्यांचे जगभर कौतुक होते आणि ते योग्यच आहे. मात्र ती व्यवस्था वाढली त्याला, घरच्या चवीबरोबरच परक्या हातचे अन्न नको ही भावनाही कारण होती, हे सांगायला आपण विसरतो. उलट इराण्यांनी मुंबईत नाक्यानाक्यावर दुकाने थाटली, संगमरवरी टेबले मांडली आणि पैसे टाकील त्याला चहा दिला. इराण्याला आपल्या जातींचे सोयरसुतक नव्हते. त्याने मुंबईवर केलेले हे उपकार ब्रुनमस्क्यापेक्षा मोठे आहेत.

आपल्या कोल्हापुरात मिरजेहून आगगाडी आली १८९१ मध्ये. शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला १८९४ मध्ये. १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसली आणि गुळाचा व्यापार वाढला. गाडीने माणसे येऊ लागली, खेड्यातला शेतकरी गूळ घेऊन पेठेत मुक्कामाला राहू लागला, पोरे शिकायला येऊ लागली. गाडीत सगळे एका बाकावर. पण स्टेशनात पाणी पाजणारा 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' असे दोन पुकारे करी. ही पद्धत इंग्रजी अमलाच्या अखेरपर्यंत हिंदुस्थानात ठिकठिकाणी होती.

शिकायला आलेल्या पोरांनी राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे? मास्तरमंडळी, आपण ज्याला शिक्षणाचा प्रश्न म्हणतो तो त्या काळी निम्मा जेवणाचा प्रश्न होता. शाळेत जागा होती, फी माफ होऊ शकत होती; पण खेड्यातल्या मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान पोराला शहरात दोन वेळचे कोण वाढणार? म्हणून महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहे काढायला सुरुवात केली. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, शिंपी अशी एकामागून एक बोर्डिंगे निघाली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. त्या वेळच्या मुंबईच्या गव्हर्नराच्या मुलीचे नाव त्याला दिले होते. जातवार बोर्डिंगे काढली याबद्दल महाराजांना तेव्हाही दोष देणारे होते, आजही आहेत. माझे मत असे की, ज्या समाजात एका पंगतीला बसायलाच लोक तयार नव्हते तिथे आधी प्रत्येक पोराचे पोट भरणे आणि डोके उघडणे हेच शहाणपणाचे होते. पोरे शिकली की पंगती मोडायच्या त्या तीच मोडतील, हा भरवसा त्यामागे होता.

आणि तसे घडलेही. जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील नावाचा एक आडदांड विद्यार्थी होता. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर त्याला सांगण्यात आले की अंघोळ केल्याशिवाय जेवणाच्या खोलीत पाऊल टाकायचे नाही. तो म्हणाला, मला बाट लागलेली नाही, मी अंघोळ करणार नाही. त्याला बोर्डिंग सोडावे लागले. हाच विद्यार्थी पुढे कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून महाराष्ट्राला माहीत झाला. १९१९ मध्ये त्यांनी कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि १९२४ मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह काढले त्यात सगळ्या जातींची पोरे स्वतः भाकऱ्या थापत आणि एका ओळीला बसून खात. वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडले. १९२७ मध्ये महात्मा गांधी ते वसतिगृह बघून गेले. त्याला नाव दिले होते ते शाहू महाराजांचे. म्हणजे कोल्हापूरच्या एका जेवणाच्या खोलीच्या दारात जो खटका उडाला, त्यातून साताऱ्याची ही पंगत उभी राहिली.

आता त्या चहाच्या दुकानाकडे येऊ.

गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पागेत नोकर होते. पागेत पाण्याचा हौद होता आणि तो अस्पृश्य नोकरांसाठी नव्हता. एके दिवशी गंगारामांनी त्या हौदाला हात लावला. बरोबरीच्या सवर्ण नोकरांनी त्यांना बेदम मारले. महाराज तेव्हा दिल्लीला होते. ते परत आले तेव्हा गंगाराम सोनतळीच्या कॅम्पवर गेले आणि पाठीवरचे वळ त्यांनी दाखवले. महाराजांनी मारणाऱ्यांना कडक शिक्षा केली. इथवरची हकीकत एखाद्या न्यायी राजाच्या गोष्टीसारखी आहे. अशा गोष्टी आपण पुष्कळ ऐकलेल्या असतात. खरे नवल पुढे आहे. महाराजांनी गंगारामांना पागेतल्या नोकरीतून मोकळे केले आणि स्वतंत्र धंदा कर, म्हणून सांगितले. चाकरी सोडून मालक हो, असा त्याचा अर्थ.

गंगारामांनी धंदा निवडला तो चहाचा. त्यांना दुसरे काही सुचले नाही म्हणून नव्हे, असे मला वाटते. पाण्याला हात लावला म्हणून ज्याला मारले, त्याने पाणीच उकळून गावाला विकायला काढले. दुकान कुठे? एखाद्या वस्तीच्या आडोशाला नव्हे, तर भाऊसिंगजी रोडवर, भर रहदारीत. दुकानाचे नाव 'सत्यसुधारक हॉटेल'. दुकान स्वच्छ, चहा चांगला. पण सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. मारामारी नाही, आरडाओरड नाही, रस्त्याने लोक येतात नि जातात, बाकडी रिकामी. कायद्याला यात काही करता येत नाही. चहा न पिण्याबद्दल कोणाला शिक्षा देणार?

हे महाराजांच्या कानावर गेले. त्यांनी हुकूम काढला नाही. ते आपली गाडी घेऊन निघाले. त्यांच्या त्या मोठ्या घोडागाडीला लोक खडखडा म्हणत. ती लांबून ऐकू येई. गाडी भाऊसिंगजी रोडवर गंगारामांच्या दुकानापुढे थांबली. महाराजांनी चहा मागवला आणि तो सगळ्यांच्या देखत घेतला. बरोबरच्या मानकरी मंडळींपुढेही कप आले. आता छत्रपती चहा पीत असताना सरदाराने पेला बाजूला ठेवायचा कसा? सगळ्यांनी घेतला. आणि हे एकदाच झाले नाही. गाडी पुन्हा पुन्हा तिथे थांबू लागली. ज्यांना महाराजांची सही हवी असे, त्यांना महाराज गंगारामांच्या हॉटेलात या म्हणून सांगत आणि आधी चहा घ्यायला लावून मग सही करीत, असे कोल्हापुरात सांगतात. गंगारामांना त्यांनी सोडावॉटर करण्याचे यंत्रही घेऊन दिले. म्हणजे चहाच्या जोडीला सोडा. धंदा नुसता मानाचा राहू नये, पोटाचाही व्हावा, ही नजर त्यात आहे.

ही हकीकत १९२० च्या आसपासची. त्याच सुमारास, १९१९ मध्ये, महाराजांनी आपल्या राज्यात सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांत अस्पृश्यता पाळू नये म्हणून हुकूम काढले होते. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत ते स्वतः गेले, बाबासाहेब आंबेडकर हे तुम्हांला लाभलेले खरे पुढारी आहेत असे त्यांनी तिथे जाहीर सांगितले आणि बाबासाहेबांना आपल्या रजपूतवाडीच्या कॅम्पवर जेवायला यायचे निमंत्रण दिले. भर परिषदेत जेवणाचे निमंत्रण! आज हे वाचताना वाटते, सभेत जेवणाचे कशाला? पण महाराजांना आपली माणसे ठाऊक होती. समतेवर भाषण केलेले लोक सहन करीत. ताटाला ताट लागले की दचकत. म्हणून ते मुद्दाम ताटाचे बोलले.

एक शंका विद्यार्थी नेहमी विचारतात आणि ती रास्त आहे. ते म्हणतात, "सर, राजाने चहा प्यायला म्हणून सरदारांनी प्यायला. त्यात मनाचं परिवर्तन कुठं झालं?" मी त्यांना सांगतो, नसेलही झाले. पण सवय मोडायला आधी हात हलावा लागतो. मन पुष्कळदा मागून येते आणि कधी कधी येतही नाही. दुसरे असे की या गोष्टीत आपण राजाकडेच बघत राहतो. राजाला धोका काय होता? त्याला नावे ठेवणारे आधीच पुष्कळ होते, आणखी चार वाढले असते. रोज पहाटे उठून चूल पेटवायची, कपबशा विसळून मांडायच्या, आणि आपल्या दुकानाकडे मान वळवूनही न बघणाऱ्या लोकांच्या रस्त्यावर बसून राहायचे, हे काम गंगारामांचे होते. खडखडा यायच्या आधीचे ते दिवस मला त्या चहापेक्षा मोठे वाटतात.

यानंतरचा प्रवास भरभर सांगतो. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले. १९३३ मध्ये रत्नागिरीत स्थानबद्धतेत असलेल्या सावरकरांनी 'अखिल हिंदू उपहारगृह' काढवले. स्वातंत्र्य आले, आणि २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, जात, लिंग यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे स्वच्छ लिहिले गेले. एवढ्या मोठ्या घटनेत हॉटेलाचा उल्लेख कशाला, असे एखाद्याला वाटेल. भाऊसिंगजी रोडची हकीकत ज्याला माहीत आहे त्याला तसे वाटणार नाही. १९५५ मध्ये अस्पृश्यता पाळणे हा दंडनीय गुन्हा ठरवणारा कायदा झाला. तरी वेगळ्या कपबशा कित्येक गावांत त्यानंतरही वळचणीला अडकवलेल्या होत्या, हे जुन्या श्रोत्यांना मी सांगायला नको.

आपणच तेवढे मागे होतो असेही समजू नका. अमेरिकेत ग्रीन्सबरो नावाच्या शहरात १ फेब्रुवारी १९६० रोजी चार काळे विद्यार्थी एका मोठ्या दुकानातल्या उपाहाराच्या टेबलाशी बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. त्याच दुकानात त्यांना वह्या, ब्रश विकत घेता येत; बसून कॉफी पिता येत नसे. ते उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आले, तिसऱ्या दिवशी आणखी. जुलैत त्या दुकानाला टेबल सर्वांना खुले करावे लागले, आणि १९६४ मध्ये देशभर तसा कायदा झाला. गंगारामांचे दुकान याच्या चाळीस वर्षे आधीचे. फरक एवढाच की तिथे काळा माणूस गिऱ्हाईक होऊ पाहत होता आणि गोरा मालक नाही म्हणत होता. इथे दलित माणूस मालक झाला होता आणि गिऱ्हाईक नाही म्हणत होते. मला तर इथला पेच अधिक अवघड वाटतो.

बायकांची गोष्ट अजून राहिलीच. शिजवायचे बायकांनी आणि बाहेर जाऊन खायचे पुरुषांनी, असा बराच काळ प्रकार होता. हॉटेलात 'फॅमिली रूम' असे लिहिलेली, पडदा लावलेली एक अंधारी खोली असे आणि बाईमाणसाने तिथे बसायचे. मुंबईच्या गिरणगावात मात्र बायकांनी खानावळी चालवल्या. कोकणातून, साताऱ्याकोल्हापुराकडून गेलेले हजारो गिरणी कामगार या बायकांच्या हातचे महिन्याच्या हिशेबाने जेवत. गिरण्यांचा संप झाला की कामगारांच्या बरोबरीने खानावळवालीचीही चूल थंड पडे आणि ती सावकाराच्या तावडीत सापडे. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. मुंबईला खाण्याचे शहर म्हणून जी कीर्ती आहे तीत या बायकांचे नाव कोणी घेत नाही.

आज कोल्हापुरात काय मिळत नाही? सकाळी मिसळ आहे. मटकीची उसळ, वर फरसाण, त्यावर लालभडक कट, आणि इतर गावांसारखा गोल पाव नव्हे तर पावाच्या कापलेल्या स्लाइस. कट संपला की पुन्हा मागावा, त्याचे वेगळे पैसे लावण्याची रीत नाही. संध्याकाळी खासबागेजवळ भेळ आहे. तिथले कुस्तीचे मैदान महाराजांनी १९१२ मध्ये बांधले. कुस्ती बघून निघालेल्या माणसाला भूक लागणारच. रात्री मटणाचे ताट आहे आणि रस्सा लागेल तितका. तिखटाची मात्र आमच्याकडे जरा उगाच शेखी मिरवतात. जुन्या घरातला तांबडा रस्सा डोळ्यांतून पाणी काढण्यासाठी नव्हता. त्याला मसाल्याचा वास आणि मटणाची गोडी होती. नुसती मिरची ओतून 'कोल्हापुरी' असे नाव देण्याचा जो प्रकार मुंबई-पुण्याकडे आणि आता आमच्याकडेही सुरू आहे, तो मला मान्य नाही. आणि अजूनही सकाळच्या एसटीने खेड्यापाड्यांतून शिकणाऱ्या पोरांचे डबे स्टँडवर येतात. खोलीवर चार गावांचे चार डबे एकदम उघडतात, तेव्हा कोणाची भाजी कोणाच्या ताटात गेली हे कोणी विचारत नाही.

शिक्षक बंधूभगिनी दर हिवाळ्यात मुलांच्या सहली घेऊन कोल्हापूरला येतात. अंबाबाईचे दर्शन, नवा राजवाडा, रंकाळा, मग पन्हाळा, असा ठरलेला बेत असतो. त्यात दोन थांबे वाढवावेत अशी माझी सूचना आहे. भाऊसिंगजी रोडवरून जाताना, इथे गंगाराम कांबळ्यांचे हॉटेल होते एवढे मुलांना सांगावे. दुसरा थांबा नर्सरी बागेचा. शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी वारले. त्यांचे पहिले स्मारक कोणा संस्थानिकाने किंवा सरकारने उभारलेले नाही. गंगाराम कांबळे यांनी पुढाकार घेतला आणि त्यांच्या समाजातल्या लोकांनी पदरमोड करून ते १९२५ मध्ये नर्सरी बागेत उभे केले. आता महाराजांचे समाधिस्मारकही तिथेच आहे. ते बघून झाले की मुलांना मिसळ खाऊ घालावी. कट बेताचा घालायला सांगावा. लहान पोरे आहेत, पुढे पन्हाळ्याचा घाट चढायचा असतो.